शिवनेरीवरचे पीस

रंगांची नावे ठेवताना मराठी माणसाने परसात आणि स्वयंपाकघरात पुष्कळ पाहिले, आभाळात त्या मानाने कमी. डाळिंबी, अबोली, हळदी, वांगी, मोतिया अशी यादी कितीही लांबवता येते. पाखरांनी दिलेले रंग मात्र मोजकेच. एक पोपटी, दुसरा मोरपंखी आणि तिसरा पारवा. पहिले दोन अजून कापडाच्या दुकानात मागितले तर मिळतात. तिसरा मागून पाहा. मी हा प्रयोग केला आहे. दुकानातल्या मुलाने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “काका, ग्रे दाखवू का?”

ग्रे म्हणजे पारवा नव्हे. ग्रे हा सिमेंटचा आणि कचेरीतल्या कपाटांचा रंग. पारव्यात राखाडीच्या पोटात निळसर झाक असते, आणि कापडाची घडी उलगडताना त्यात मधूनच काहीतरी जांभळट हलून जाते. माझ्या आजीचे असे एक पारवे लुगडे होते. पुष्कळ वर्षे ते ठेवणीत राहिले, मग नेसण्यात आले आणि शेवटी त्याची गोधडी झाली. शिवनेरीच्या वाटेवर आमच्या धाकटीला जे पीस सापडले ते नेमके त्या गोधडीच्या रंगाचे होते. परंतु डोळ्यांना पटले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. त्या दिवशी गडावरचा आमचा बराचसा वेळ हे सिद्ध करण्यात गेला. त्याचीच ही हकीकत.

पारवा हा शब्द संस्कृतातल्या पारावतापासून झाला. कबूतर हा फारशीतून आलेला पाहुणा, जो पुढे घरचाच झाला. जुन्या माणसांच्या बोलण्यात या दोघांची घरे वेगळी असत. खुराड्यात पाळतात, शिट्टी घालून उडवतात, ते कबूतर. आणि कड्याच्या कपारीत, पडक्या विहिरीत, ओस पडलेल्या वाड्यात घुमतो तो पारवा. शास्त्र मात्र या दोघांना एकच जात मानते. डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिला तेव्हा पहिल्याच प्रकरणात कबुतरांना मानाचे पान वाढले. पिसाऱ्याचा लक्का काय, जमिनीवर कोलांट्या खाणारा लोटन काय, सारे या कड्यावरच्या पारव्याचेच वंशज, हे त्याचे म्हणणे. त्यासाठी या गृहस्थाने स्वतः कबुतरे पाळली, लंडनच्या दोन कबूतरबाजांच्या मंडळांत नाव घातले आणि मद्रासेच्या सर वॉल्टर एलियट यांच्याकडून हिंदुस्थानातली कातडी मागवून घेतली. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांच्या खाली कबुतरे कधी नसत, ही नोंदही तो कौतुकाने करतो.

आता शहरांत सगळीच कबुतरे झाली आहेत, आणि नावाबरोबर त्यांची अब्रूही गेली आहे. २०२५ च्या ऑगस्टात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, त्यावरून माणसे रस्त्यावर उतरली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

आमच्या घरात हा वाद वर्तमानपत्रातून शिरला नाही. तो आईच्या खोकल्यातून शिरला. आईचे वय शहात्तर. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण. छातीच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, घराजवळ कबुतरं आहेत का?” सुकलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांवरची भुकटी श्वासातून सतत आत जात राहिली, तर काही माणसांची फुप्फुसे तिच्यावर चिडतात, सुजतात, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर त्यांवर व्रण पडून ती ताठरतात, असे त्यांनी समजावून सांगितले. सगळ्यांनाच होते असे नाही. पण ज्याला होते त्याला औषधापेक्षा पाखरांपासून लांब राहणे अधिक गरजेचे.

आणि आई तर वीस वर्षे रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकत आलेली! तिला तो निदान वाटेचना, आरोप वाटला. “मुक्या जिवांना दोन दाणे घातले तर त्यांनी माझं काय वाईट केलं?” हा तिचा पहिला सवाल. दुसरा अधिक अवघड होता. “आणि आपण नाही घातलं तर ती खातील काय?” सौभाग्यवतींनी गॅलरीला जाळी बसवून घेतली, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी आईने एकनाथी भागवत काढले. अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोत हा एक आहे. पारधी त्याची पिले जाळ्यात धरतो, त्यांच्या मागे कपोती जाते, आणि तिच्यामागे कपोत आपण होऊन त्या जाळ्यात उडी घालतो, ती कथा. तिचा अर्थ संसारात फार गुंतू नये असा आहे. आईने मात्र सुनेकडे पाहत एवढेच म्हटले, “जाळं तेव्हाही होतं.” मराठीचा प्राध्यापक असूनही मी त्या वेळी अर्थाच्या भानगडीत पडलो नाही.

अष्टविनायकांपैकी लेण्याद्री तेवढा तिचा राहिला होता. औषधांनी थोडा उतार पडल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही तो बेत ठरवला, आणि जुन्नरला जायचेच तर शिवनेरीही करावी असे धाकटीने ठरवले. धाकटी सहावीत आहे. तिला सध्या ससाण्याचे वेड आहे. आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे एक सहकारी दुर्बीण गळ्यात घालून बरोबर आले, त्यामागे या वेडाला खतपाणी घालण्याचा हेतू असावा.

शिवजयंतीची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीला निघालो. पुण्याहून जुन्नर पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास. चाकणला वाहनांच्या रांगेत जो वेळ जातो त्याबद्दल न लिहिलेले बरे. राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावला आले की हवा बदलते, आणि तिथून आत वळले की डोंगर जवळ येऊ लागतात. जुन्नरचे खोरे म्हणजे एक मोठी परात आणि तिच्या काठाला कड्यांची किनार. या कड्यांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. सातवाहनांच्या काळी घाट चढून आलेला माल याच बाजूने देशावर जाई; नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण अजून तिथे उभा आहे. शिवनेरीच्या अंगातही लेणी आहेत. खालून पाहिले की कड्यावर आडव्या रेघा दिसतात. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, त्यांतला मऊ थर झिजला, टणक राहिला आणि मधे खोबणी पडल्या.

“ही मूळ गॅलरी,” आमचे सहकारी खोबणीकडे बोट दाखवून म्हणाले. “तुमची ती नक्कल.”

मला हे फार पटले. पारवा झाडावर फारसा बसत नाही. त्याला हवा असतो सपाट दगडी काठ, वर थोडा आडोसा, खाली मोकळी दरी. घरटे म्हणजे चार काड्यांचा आळशी पसारा, कारण कपारीतून अंडे गडगडण्याची भीती नसते. आपण सहा मजली कडे उभे केले, त्यांना खिडक्यांचे सज्जे काढले, वातानुकूलन यंत्रांच्या मागे कपारी ठेवल्या. तो आला नसता तरच नवल.

आई आणि सौभाग्यवती जुन्नरातच विश्रांतीला थांबल्या. आम्ही तिघे गड चढू लागलो. शिवनेरीची वाट आता फरसबंद आहे. एकामागून एक सात दरवाजे लागतात. पाचव्याच्या पुढे, शिवाईच्या देवळाकडे फाटा फुटतो त्याच्या अलीकडे, धाकटी एकदम खाली बसली. पायरीच्या कडेला, वाळक्या गवतात, ते पीस होते. दोन पेरांएवढे लांब, टोकाला गोलसर, पारव्या रंगाचे.

“ससाण्याचं!” ती म्हणाली.

तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा घरटे करतो आणि त्याची पाठ गडद पाटीच्या रंगाची असते. शिक्र्याचीही पाठ राखीच. मी आपला आजीच्या गोधडीवर विसंबून “पारवा असावा” असे पुटपुटलो. आमचे सहकारी दोघांवरही रागावले. “रंग शेवटी,” ते म्हणाले. “आधी देठ.”

त्यांनी खिशातून कोरा कागद काढला आणि पीस चिमटीने त्यावर ठेवले. मला जुन्या पोथ्यांची आठवण झाली. माझे गुरुजी सांगत, पोथीवर लिहिलेले कर्त्याचे नाव सर्वांत शेवटी वाचावे. आधी कागद, मग शाई, मग अक्षराचे वळण. नावावर भरवसा ठेवून आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात किती कवींच्या नावावर किती पदे चढली, हा निराळा विषय आहे. असो.

पहिली गोष्ट, हे पीस अंगावरचे. पंखाचे आणि शेपटीचे पीस ताठ असते. पंखाच्या पिसात तर देठाच्या एका बाजूचे पाते रुंद आणि दुसऱ्या बाजूचे अरुंद असते. हे दोन्ही बाजूंनी सारखे, मऊ आणि किंचित वाकलेले होते. वरचा अर्धा भाग कापडासारखा विणलेला, खालचा अर्धा नुसता कापूस. वरच्या भागाने पाऊसवारा अडवायचा आणि खालच्याने ऊब धरायची. रेनकोट आणि स्वेटर एकाच देठावर शिवलेले.

दुसरी गोष्ट तो देठ. तो तळाशी चांगला रुंद, चपटासा होता आणि टोकाकडे जाताना एकदम निमुळता होऊन केसासारखा बारीक झाला होता. एवढ्याशा पिसाला एवढा जाड देठ शोभत नव्हता. सहकारी म्हणाले, हीच पारव्याच्या कुळाची खूण. पारवे, होले, हरोळ्या, या सर्वांच्या अंगपिसांचे देठ असेच. आणि इतका जाड असूनही तो कातडीत घट्ट रुतलेला नसतो. पारव्याला हातात धरून पाहिलेल्यांना ठाऊक असेल, पाखरू सुटते आणि मुठीत पिसे राहतात. शत्रूच्या नखांत पिसे ठेवून जीव घेऊन पळण्याची ही सोय आहे.

तिसरी गोष्ट भिंगाखाली पाहायची. कोंबडीचे अंगपीस घेऊन त्याच्या मुळाशी पाहा. मोठ्या पिसाच्या पाठीला टेकून एक छोटे, कापसाळ पीस त्याच देठातून निघालेले दिसते. त्याला आपण जोडपीस म्हणू. कोंबडी, तितर, लावा यांत ते चांगले मोठे असते. ससाण्यालाही असते. पारव्याच्या कुळाला ते जवळजवळ नसतेच. हॉटेलामागे सापडलेले राखी पीस कोंबडीचे की पारव्याचे हा वाद या एका खुणेने मिटतो, आणि त्याला भिंगही लागत नाही, चष्मा पुरतो. धाकटीने भिंग डोळ्याला लावले, पीस उलटसुलट केले. जोडपीस नव्हते. तिचा चेहरा उतरला. पण जे दिसले तेच तिने सांगितले, हे मला आवडले.

कावळ्याचा दावाही तपासला. गावकावळ्याची मान राखी असते आणि पायऱ्यांवर ती पिसे पुष्कळ पडतात. पण ती राख मळकट, तपकिरीकडे झुकणारी असते, देठ सडपातळ असतो. आपल्या पिसात निळा होता.

मग चौथी गोष्ट. सहकाऱ्यांनी माझी काळी छत्री मागून घेतली आणि तिच्या कापडावर पीस हलकेच एकदा ओढले. कापडावर पिठाच्या बोटासारखी पांढुरकी रेघ उठली. ही पारव्याची भुकटी. काही विशेष पिसांपासून ती सतत झडते आणि पाखरू ती चोचीने सर्वांगाला चोळते. आपण पाण्यासाठी मेण लावतो तशातलाच प्रकार. काचेच्या खिडकीवर पारवा आदळला की पंख, डोके, डोळ्यांसुद्धा त्याचा जो धुरकट ठसा उमटतो, तो याच भुकटीचा.

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. ज्या खुणेवरून पीस ओळखायचे तीच आईच्या छातीत जाऊन बसली होती. सहकाऱ्यांनाही ते जाणवले असावे, कारण छत्री त्यांनी वाऱ्याच्या दिशेला धरून झटकली, पीस कागदात गुंडाळले आणि आम्हा दोघांना हात धुवायला लावले.

आता रंगाला बोलण्याची परवानगी मिळाली. कुळ ठरले होते. घर ठरायचे होते. होल्याचे पीस असते तर ते मातकट किंवा गुलाबीसर असते. हरोळीचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपक्ष्याचे, हिरवे-पिवळे असते. स्वच्छ निळसर राखी, ठिपका नाही, पट्टा नाही, म्हणजे पारवा. मानेचे नव्हे, कारण मानेचे पीस उन्हात फिरवले की टोकाला हिरवे आणि जांभळे आळीपाळीने पेटते. तो रंग पिसात भरलेला नसतोच. पिसाच्या पातळ पापुद्र्यावर प्रकाश साबणाच्या फुग्यासारखे खेळ करतो. पंखावरच्या दोन काळ्या पट्ट्यांपैकीही नव्हे, नाहीतर टोकाला काळे असते. फिकट, मऊ, बरेच कापसाळ. तेव्हा पाठीच्या खालच्या भागाचे. इथे इंग्रजी पुस्तके घात करतात. युरोपातल्या पारव्याच्या पाठीचा खालचा भाग पांढराशुभ्र असतो, आणि पुस्तकात तेच चित्र असते. आपल्याकडचा पारवा तिथेही राखीच असतो. विलायती पुस्तक उघडून बसलेल्याने हे पीस नाकारलेच असते.

एवढे झाल्यावर सहकाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. हे पीस पारव्याचे, इतके ते छातीठोकपणे सांगतील. तो कड्यावर सात पिढ्या राहिलेला की जुन्नरच्या बाजारातून वर आलेला, हे एका पिसावरून कुणालाही सांगता येणार नाही. रक्त केव्हाच मिसळले आहे.

“म्हणजे फक्त कबूतर,” धाकटी म्हणाली.

त्या ‘फक्त’ने आमचे सहकारी दुखावले. ते काही बोलले नाहीत. पायऱ्या सोडून कड्याच्या बाजूला थोडे चालत गेले आणि तिला हाक मारली. तिथे एक सपाट दगड होता आणि त्याच्या भोवती तसलीच पिसे पडली होती, दहापंधरा तरी. तिने एक उचलले. देठाचे टोक अखंड होते. दुसऱ्याचेही. मांजर किंवा मुंगूस पिसे चावून काढते. देठ तुटलेले, चघळलेले, लाळेने चिकटलेले सापडतात. शिकारी पक्षी ती एकेक करून उपटतो; देठ मुळापासून निघतो, फार तर चोचीच्या चिमट्याने थोडा वाकतो. हे काम चोचीचे किंवा नखांचे होते. ससाणा की शिक्रा, ते पिसे सांगत नव्हती.

धाकटीचा आनंद क्षणभर टिकला. मग तिने विचारले, “मग तो पारवा मेला?”

सहकाऱ्यांनी तिला पंखांची लांब पिसे शोधायला सांगितले. शिकार खाऊन झाली असेल तर तीही आसपास पडतात. आम्ही तिघांनी तो परिसर, कड्याची धार सांभाळून, वितीवितीने पाहिला. अंगावरची पिसे आणखी सात-आठ सापडली. लांब एकही नाही. वाऱ्याने गेली असतील, शिकार दुसरीकडे नेली असेल. किंवा पिसे नखांत ठेवून तो सुटला असेल. तिने तिसरा पक्ष घेतला. आम्ही त्याला हरकत घेतली नाही.

वर गेलो. जिथे १६३० साली शिवराय जन्मले त्या वास्तूपुढे नमस्कार केला, कडेलोटाच्या टोकावरून खाली पाहिले. वाटेत अंबरखाना लागतो. अंबरखाना म्हणजे गडाचे धान्याचे कोठार. छप्पर जागोजाग गेले आहे, धान्य केव्हाच संपले आहे, आणि आत पारवे घुमत असतात. तो घुमण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशीही येतो, तिथे तो मला डोकेदुखीसारखा वाटतो. त्या जाड दगडी भिंतींत तो अगदी आपल्या जागी होता. एक जोडी भिंतीच्या खाचेत बसली होती आणि नर मान फुगवून गोल गोल फिरत होता. त्या मानेवर ऊन पडले की हिरवे, वळला की जांभळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या. आईसाठी डोली केली. “मी काय मिठाचं पोतं आहे?” म्हणून ती रुसली; पण बसली. गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे बौद्ध भिक्षूंचा जुना विहार. तिन्ही बाजूंना मिळून वीस कोठड्या आणि मधल्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. आईने दर्शन घेतले, आठवा विनायक पुरा झाला म्हणून समाधानाने ओसरीत बसली, आणि तिथून खाली पाहू लागली.

खाली कुकडीचे खोरे पसरले होते. ज्वारीची काढणी चाललेली. काही शेतांत कणसे खुडून झाली होती, नुसते बुडखे उभे होते. आमच्या डोक्यावरच्या कड्यातून पारव्यांचा एक थवा सुटला, शंभरएक तरी असावेत. त्याने हवेत एक मोठे वळण घेतले, ऊन पंखांवर एकदम पांढरे चमकले आणि थवा खालच्या मोकळ्या शेतात उतरला. थोड्या वेळाने दुसरा गेला.

“कुठं चाललीत ही?” आईने विचारले.

“दाणे टिपायला, आजी,” सहकारी म्हणाले. “काढणीत सांडलेले. संध्याकाळी परत येतील. रोजचंच आहे.”

“यांना कोण घालतं?”

“कोणी नाही.”

आई बराच वेळ त्या शेताकडे पाहत होती. मी संधी साधून काही बोलावे असे सौभाग्यवतींनी डोळ्यांनी सुचवले. पण अशा वेळी गप्प राहण्याचे शहाणपण मला वर्गात शिकवूनच आले आहे. परतीच्या वाटेवर तिने नारायणगावला पाच किलो ज्वारी घेतली, तेव्हा आम्हा नवराबायकोच्या पोटात गोळा आला. त्या ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या. कठड्यावरची मूठ तेव्हापासून बंद आहे. खोकला पूर्ण गेला असे नाही. धाप मात्र कमी आहे, आणि डॉक्टरांनी पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवली आहे. शेजारच्या इमारतीवर पारवे बसतात, तिकडे ती जाळीतून पाहते, आणि कुठले जोडपे कुठल्या सज्ज्यावर असते हे तिला ठाऊक असते.

पिसाचे एक काम राहिले होते. सोमवारी धाकटीला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेले. सहकाऱ्यांनी पिसाच्या तळच्या कापसातला एक तंतू कातरून काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. त्या तंतूला आणखी बारीक तंतू असतात, आणि त्यांवर बांबूच्या पेरांसारख्या गाठी. प्रत्येक पक्षिकुळाची गाठ निराळी. आसा चँडलर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली पिसांच्या या रचनेवर मोठा प्रबंध लिहिला, तेव्हा त्याचा व्यावहारिक उपयोग कोणाच्या ध्यानातही नसेल. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनच्या विमानतळावरून उडालेले एक विमान काही क्षणांतच पाण्यात कोसळले आणि बासष्ट माणसे मेली. इंजिनांत पक्ष्यांचे अवशेष सापडले. ते कोणाचे, हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रॉक्सी लेबर्न या बाईंनी पिसांच्या तुकड्यांवरून ठरवले. आपल्या भोरड्यांच्या जातकुळीतली, मुठीत मावतील एवढी स्टार्लिंग पाखरे! पुढे जन्मभर त्या हेच काम करत राहिल्या. कोणता पक्षी आडवा येतो हे कळल्याशिवाय त्याला धावपट्टीपासून दूर कसे ठेवायचे हे ठरत नाही, आणि विमानाच्या इंजिनाने किती पक्षी सोसावा हेही.

धाकटी पुष्कळ वेळ नळीला डोळा लावून होती. मलाही पाहायला मिळाले. तंतूच्या मुळाजवळच्या गाठी फुगीर, पाकळ्या फुटलेल्या, अर्धवट उमललेल्या फुलांसारख्या. कोंबडीच्या तंतूवर त्या तशा नव्हत्या. शेजारी ठेवून ताडून पाहिले. पारव्याच्या कुळाखेरीज अशा गाठी नाहीत, असे सहकारी म्हणाले, आणि या वेळी धाकटीने ‘फक्त’ हा शब्द वापरला नाही.

पीस तिने एका पारदर्शक पाकिटात घालून चिकटपट्टीने बंद केले आहे, आजीच्या खोलीत न्यायचे नाही या अटीवर. पाकिटावर चिठ्ठी आहे. नाव: पारवा. भाग: पाठ, खालची बाजू. ठिकाण: शिवनेरी, पाचव्या दरवाजाच्या पुढे. जोडपीस: नाही. देठ: जाड, अखंड. त्याखाली तिने एक रकाना आपल्या मनाने वाढवला आहे. पक्षी: बहुतेक सुटला.